गावच्या घरी राहायला आलो, पण दिवस अजून मुंबईचाच चालतो. संथ दिनक्रम कसा बसवावा?

नवीन_बिऱ्हाड

गुहागर तालुक्यातल्या गावच्या घरी आम्ही दोघं आणि आई कायमचे राहायला आलो आहोत. काम ऑनलाइन, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. घर चिऱ्याचं, कौलारू. विहीर आहे, मागे आठ माड आणि थोड्या पोफळी. समुद्र चालत पंधरा मिनिटांवर. बाहेरचं सगळं बदललं, दिवस मात्र तसाच राहिला. डोळे उघडले की हातात फोन, नाश्ता उभ्याने, दुपारचं जेवण लॅपटॉपसमोर.

निवांतपणा म्हणजे नुसतं झोपाळ्यावर बसणं नव्हे, हे कळतं. हातातल्या कामाकडे लक्ष देऊन, ठरवून दिवस घालवायचा आहे. सुरुवात कुठून करावी? पेज करू पाहतो, पण कुकरमध्ये तिचा लगदा होतो. संध्याकाळी समुद्रावर जावं तर एक दिवस भरपूर वाळू, दुसऱ्या आठवड्यात पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत. आणि पावसाळ्यात हे सगळं कसं टिकवायचं? जाणकारांनी नेमकं सांगावं.

खाडीकाठ

पेजेपासूनच सुरुवात करा, पण कुकर बाजूला ठेवा. स्लो फूडची चळवळसुद्धा जेवणावरूनच उभी राहिली. १९८६ साली रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सजवळच्या मॅकडोनाल्ड्सला विरोध झाला, त्यातून कार्लो पेत्रिनी यांनी ती सुरू केली. १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा निघाला, आणि १९९९ मध्ये इटलीतल्या काही गावांनी मिळून चित्तास्लो (संथ गावं) नावाची संघटना केली. आपल्या भागात जे पिकतं ते, त्याला लागेल तेवढा वेळ देऊन शिजवावं आणि बसून खावं, एवढाच त्यातला आपल्या कामाचा भाग. कोकणात त्यासाठी वेगळं काही शोधायला नको.

तिघांसाठी एक वाटी उकडे तांदूळ घ्या. सुरय (न उकडलेले) तांदूळ घेतलेत तर दाणा विरघळतो आणि लापशीसारखं होतं, तुमचा लगदा बहुधा त्यामुळेच होत असेल. तांदूळ दोन पाण्यांनी धुवून अर्धा तास भिजत ठेवा. जाड बुडाच्या टोपात आठ वाट्या पाणी उकळा, मग तांदूळ सोडा. पुन्हा उकळी आली की आच मंद करा. झाकण पूर्ण लावू नका, टोपावर लाकडी डाव आडवा ठेवून त्यावर झाकण टेकवा. फेस वर आला तरी उतू जात नाही. ४५ ते ५० मिनिटं लागतात. आठ-दहा मिनिटांनी तळापासून एकदा ढवळायचं, नाहीतर खाली लागते आणि करपल्याचा वास अख्ख्या टोपाला येतो. दाणा दोन्ही टोकांना फुटला, बोटांनी दाबल्यावर मधे कणी लागली नाही, की झाली. मीठ शेवटी. पाणी कमी पडलं तर उकळतंच घाला, गार पाणी घातलं की पेज फुटते, म्हणजे पाणी वर आणि शीत खाली असं वेगळं होतं.

कुकरमध्ये दाब सुटताना पेजेचा फेस शिट्टीत जातो, तिथे चिकटतो, आणि दाणे आपटून मोडतात. म्हणून तिथे पेज जमत नाही.

आता मुख्य मुद्दा. ही पन्नास मिनिटं तुमच्या सकाळचा कणा आहेत. दर आठ-दहा मिनिटांनी ढवळायला यायचं असल्यामुळे कुठे लांब जाता येत नाही आणि फोनमध्ये बुडताही येत नाही. त्या वेळात बसणारी कामं घरातच असतात: अंगणाचा केर, विहिरीचं पिण्याचं पाणी गाळून भरणं, तुळशीला पाणी, पडलेल्या झावळ्या ओढून एका बाजूला करणं. पेज आणि लोणचं किंवा भाजलेली सुकट घेऊन तिघांनी ओटीवर बसायचं. पहिले दोन आठवडे एवढंच करा, बाकी काही बदलू नका. एकदम पहाटेचा व्यायाम, वाचन, बागकाम सगळं धरलं की दहाव्या दिवशी सगळंच सुटतं.

उधाण_भांग

समुद्राचं गणित तिथीवर आहे, आणि ते कळलं की संध्याकाळ आपोआप बसते. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर ८ गुणिले ३ म्हणजे २४, भागिले ४ म्हणजे ६. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या थोडं पुढे भरती. पौर्णिमा-अमावस्येला १५ धरा, सव्वाअकरा येतात. भरतीपासून सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटीचा तळ. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

तुमचं काम सहाला संपतं, म्हणजे त्रयोदशीपासून चतुर्थीपर्यंतच्या संध्याकाळी पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) जायचं. तेव्हा सहाच्या सुमारास पाणी मागे असतं किंवा मागे जात असतं, आणि ओली, घट्ट वाळू चालायला मिळते. गुहागरसारख्या उतरत्या पुळणीवर सुक्या वाळूत चालणं पोटऱ्यांना जड जातं, आईंना तर तिथे नेऊच नका. सप्तमी ते दशमी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा भरती असते. त्या दिवसांत खाडीच्या बांधावरून किंवा वाडीतल्या पाखाडीने (दगडी पायवाटेने) फिरा. असं केलंत की महिन्यातले दोन पंधरवडे सारखेच वळण घेतात आणि रोज ‘आज कुठे जायचं’ हा प्रश्न उरत नाही.

हे गणित फिरायला जाण्यापुरतं. तासाभराचा फरक सहज पडतो. खाडीत तिसऱ्या (शिंपले) काढायला किंवा खडकावर कालवं फोडायला उतरणार असाल तर बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा आणि तळाच्या अर्धा तास आधी उतरून पाणी फिरताच वर या. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवस सर्वांत जास्त असतो, तेव्हा ओहोटीही सर्वांत लांब जाते आणि भरती तितक्याच वेगाने परत येते. जून ते ऑगस्ट पाण्यात पाय घालू नये.

माजघर

फोनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. फोन लांब ठेवायचं नुसतं ठरवून चालत नाही, कारण घरातलं घड्याळ, गजर, विजेरी, पंचांग आणि हिशेबाची वही सगळं त्यातच असतं. भरतीची तिथी बघायला उचलता आणि वीस मिनिटं जातात. एकेक काम त्यातून बाहेर काढा. स्वयंपाकघरात भिंतीवरचं घड्याळ, उशाशी गजराचं घड्याळ, माजघरात कालनिर्णय (तिथी तिथेच दिसेल), मागल्या दाराच्या खुंटीला विजेरी, फडताळात वही-पेन्सिल. चार्जरची जागा एकच ठेवा, ती माजघरात. झोपायच्या खोलीत प्लग मोकळा असला तरी तिथे चार्जर न्यायचा नाही.

आईंच्या औषधपाण्यासाठी डॉक्टर, जवळचे नातलग, शेजारी, एवढ्यांचे कॉल वाजू द्या आणि बाकीचे गट मूक करा. दुपारचं जेवण लॅपटॉपच्या खोलीत न्यायचं नाही. ताट-पाट मांडून जेवायला बसलं की पंचवीस मिनिटं तरी लागतात, तेव्हा कामाच्या कॅलेंडरवर एक ते दोन हा तास आधीच अडवून ठेवा. मोकळा दिसला की तिथे कोणीतरी मीटिंग टाकतंच.

नवीन_बिऱ्हाड

सगळ्यांचे मनापासून आभार. उकड्याऐवजी सुरयच आणत होतो. पावसाळ्याचं मात्र राहिलं. वीज गेली की काम रात्रीपर्यंत लांबतं आणि सगळा क्रम कोलमडतो, असं शेजारी सांगतात. त्याची तयारी आत्तापासून काय करावी?

आगोटकर

पावसाळ्याचा निवांतपणा एप्रिल-मेमध्ये कमवावा लागतो. आगोटीची (पावसाळ्याच्या तोंडावरची) बेगमी नीट झाली तर जूननंतर बाजाराच्या फेऱ्या कमी होतात आणि घरात वेळ उरतो. नाहीतर भर पावसात रोज काही ना काही आणायला बाहेर पडावं लागतं.

आधी घर. कौलं परतणारे कारागीर मे महिन्यात सापडत नाहीत, त्यांना एप्रिलमध्येच सांगून ठेवा. जास्तीची वीस-पंचवीस कौलं घरात हवीत, आणि ती तुमच्या छपरावर आहेत त्याच छापाची. दुसऱ्या कारखान्याच्या कौलाच्या खाचा बसत नाहीत, फट राहते आणि नेमकं तिथूनच वाऱ्याचं पाणी आत येतं. पन्हळी आणि घरामागचं गटार पातेरा काढून साफ. जळण (माडाची वाळकी चुडतं, नारळाची सोडणं, करवंट्या) मे अखेरीपर्यंत पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर रचून ठेवा. पाणचुलीवर आंघोळीचं पाणी तापवणार असाल तर हे जळण ओलं झालं की धुराने घर भरतं, आणि मग सगळे गिझरकडे वळतात.

विजेचा हिशेब असा. लॅपटॉप ६० वॅट, मोडेम आणि राउटर मिळून १५ ते २०, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३० ते ३५. मिळून ११० च्या आसपास. १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, पण ती पार रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज जाते, म्हणून हाताशी हजारभर धरा. आठ-नऊ तास निघतात. जुना पंखा ७५ वॅटचा असेल तर सहा-सात. फ्रीज त्यावर जोडू नका. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी मेमध्ये भरून घ्या. टॉवर बंद पडतात तेव्हा मोबाइलचं नेट जातं, फायबर बऱ्याचदा चालू राहतं, म्हणून दोन्ही ठेवा. मोठ्या फाइल पाठवायच्या असतील तर सकाळच्या पहिल्या दोन तासांत उरका. वारा-पाऊस दुपारनंतर वाढला तरी तुमचं काम सहालाच संपेल.

मासळीचं: राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. सुकट, सोडे, बोंबील मेच्या मध्यापर्यंत घ्या, घरी आणून पुन्हा दोन कडक उन्हं द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले की आतल्या वाफेने बुरशी धरते. कुळीथ अख्खे ठेवा. पिठी एकदम दळून ठेवली की ऑगस्टपर्यंत जाळी लागते, महिन्याला लागेल तेवढीच दळावी.

आणि एकच वाळवण मन लावून करा, आमसुलं. पहिल्या वर्षी पाच किलो रातांबे (कोकमाची फळं) पुरे. धुवून, पुसून दोन फाका करा. गर-बिया एका काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढा, त्यात किलोमागे शंभर ते दीडशे ग्रॅम जाडं मीठ मिसळा. अॅल्युमिनियम अजिबात नको, आंबट रस धातू खातो. सालं दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या रसात बुडवून रात्रभर, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. अशी चार-पाच पुटं. साल काळपट झाली, दुमडली तर मोडत नाही आणि बोटाला चिकटत नाही, की झाली. मीठ कमी पडलं किंवा मधे वळीव गाठला तर पांढरी बुरशी येते. ढग दिसले की सूप आत. या कामात सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास जातो, आणि तो वेळ ऊन ठरवतं, आपण नाही. बिया फेकू नका, वाळवून ठेवा, त्यांच्यापासून मुठेल (कोकमाचं तेल) निघतं.

सुपारीबाग

आगोटकरांनी सगळं सांगितलं, एवढंच जोडतो. आठ माडांना हाताने शिंपत बसू नका. उन्हाळ्यात माडाला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागतं, म्हणजे तीनशे लिटरच्या आसपास. विहिरीवरून कळशीने ओढलं तर आठवड्यात कंबर धरेल आणि बाग नकोशी होईल. माडांना ठिबक करा, कळशी फक्त तुळस, अबोली आणि परसातल्या भाजीला ठेवा.

पावसात समुद्र बंद झाला की फिरायची वेळ परसात घालवा. मिरगाचा पाऊस नीट लागला की पडवळ, दोडकी, काकडीची आळी घाला, पण आळं खोलगट ठेवू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, खोलगट आळ्यात पाणी साचून बी कुजतं. मातीचा वीतभर उंच वरंबा, त्यावर तीन बिया, उगवल्यावर दोन ठेवायच्या. मांडव बी घालतानाच उभा करा, वेल वाढल्यावर खांब रोवायला गेलात तर मुळं तुटतात. टाकळा पहिल्या पंधरा दिवसांत कोवळा असतानाच खुडा, फुलावर आला की कडवट लागतो. तो ओळखायला पहिल्या वेळी शेजारच्या एखाद्या काकूंना सोबत घ्या.