सांगलीहून सहा जण, चाळकेवाडीचं पठार: सायकल कोणती घ्यावी?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगलीची, विश्रामबागेत राहते, वय ४३. गेली दोन वर्षं रोज पहाटे सायकल चालवते. हरिपूरचा संगम, नाहीतर अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन परत. सगळा सपाट रस्ता, त्यामुळं तीस-पस्तीस किलोमीटरचं आता काही वाटत नाही. घाट मात्र अजून एकदाही चढलेले नाही.

डिसेंबरात आम्ही सहा जण साताऱ्याला यायचं म्हणतोय. बोगदा, बोरणे घाट, ठोसेघर आणि पुढं चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. दोन वर्षांपूर्वी तिथं गाडीतून गेलो होतो. पवनचक्क्यांकडं जाणारे ते कच्चे रस्ते बघितले आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. तिथं मला सायकलच चालवायची आहे.

सहा जण म्हणजे मी, आमचे हे (४८, डावा गुडघा अधूनमधून दुखतो), जाऊबाई, त्यांची मुलगी (१५) आणि ह्यांच्या ऑफिसातली दोन तिशीतली मुलं. ती दोघं जोरात चालवतात, त्यांच्याकडं चांगल्या माउंटन बाइक आहेत. ह्यांच्याकडं हायब्रीड आहे, बारीक टायरची, डांबरीवर चालवायची. जाऊबाई सायकल भाड्यानं घेणार. पुतणीकडं जुनी डबल शॉकर (पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअप) आहे, २६ इंची चाकाची. मला नवीन घ्यायची आहे, तीस हजारांपर्यंत. उंची पाच फूट तीन इंच.

दुकानात तीन तऱ्हेची उत्तरं मिळाली. एक म्हणतो २९ चंच चाक घ्या, दुसरा म्हणतो तुमच्या उंचीला २७.५. एक म्हणतो पुढं पायडलपाशी एकच दातेरी चक्री असलेली घ्या, दुसरा म्हणतो तीनच बरी. डबल शॉकर घेतली तर पाठीला त्रास कमी होईल का? आणि सगळ्यांचं वय, दम वेगळा असताना असा दिवस आखायचा कसा? ऑफिसातली मुलं म्हणतात, दुसऱ्या दिवशी कासच्या पठारावरही सायकली घालू. ते चालतं का?

शाहूपुरीकर

ताई, मी साताऱ्याचाच. एसटीच्या आगारात मेकॅनिक होतो, आता निवृत्त. बोरणे घाट सायकलवर किती वेळा चढलो त्याचा हिशोब ठेवलेला नाही, पण माणसं घेऊन गेलो ते सगळे दिवस लक्षात आहेत.

कासचं आधी सांगतो. सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, चाक अजिबात घालू नका. ते राखीव वन आहे, २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेलं. जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो, त्यातच ती फुलं येतात. चाकाची एक रेघ पडली की पावसात त्यातूनच पाणी वाहतं आणि माती निघून जाते. डिसेंबरात फुलं दिसत नाहीत म्हणून बी नाही असं नसतं. डांबरी रस्त्यानं तलावापर्यंत जा, यवतेश्वरचा घाट चढा, मुलांची रग तिथंच जिरेल.

आता सायकल. दुकानदार चाकाबद्दल बोलतात, मी तुम्हाला दात मोजायला सांगतो. पुढच्या सगळ्यात लहान चक्रीचे दात मोजा, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीचे मोजा. पुढच्याला मागच्यानं भागा. उत्तर ०.७ च्या आसपास किंवा खाली आलं तर सवय नसलेला माणूसही घाट सीटवर बसून चढतो. पुतणीच्या जुन्या सायकलला बहुतेक पुढं २४ आणि मागं २८ असतील. म्हणजे ०.८६. पोरगी उभी राहून रेटेल, पंधरा मिनिटांत पोटऱ्या भरून येतील. पुढं २२ मागं ३४ असेल तर ०.६५, छान. एकच चक्री असेल तर पुढं ३२ मागं ४२ म्हणजे ०.७६, तुमच्यासाठी जड. पुढं ३० मागं ५१ असेल तर ०.५९, पण ती तीस हजारांत बसणं अवघड. त्यामुळं एक चक्री की तीन, हा वाद सोडा. भागाकार करा आणि कमी उत्तर येईल ती घ्या. हायब्रीडचाही करा, अहोंचा गुडघा त्यावर आहे.

डबल शॉकर नको. चांगली घ्यायची तर लाखाच्या पुढं जाते. स्वस्तातली सतरा-अठरा किलोची असते आणि मागची स्प्रिंग प्रत्येक पायडलला खालीवर होते. चढावर पायातला जोर त्या स्प्रिंगमध्येच मुरतो. पुढं शॉकअप, मागं साधी फ्रेम, पुढचा शॉकअप वर बटण फिरवून बंद करता येईल अशी घ्या. डांबरीवर बंद, पठारावर चालू. पाठीचं म्हणाल तर ती सीट-हँडलच्या मापानं आणि टायरमधल्या हवेनं सांभाळली जाते.

ब्रेकवर मात्र पैसे वाचवू नका. आमच्या ड्रायव्हर लोकांचा नियम होता, घाट ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. गाडीला इंजिन धरून ठेवतं. सायकलला धरणारं कुणी नाही, सगळा भार दोन ब्रेकवर. म्हणून डिस्क ब्रेक हवेत, जमलं तर हायड्रॉलिक, एका बोटानं दबतात. उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नाही. थोडा जोरात दाबायचा, वेग पडला की सोडायचा, पुन्हा दाबायचा. नुसता घासत ठेवला की पॅड तापून गुळगुळीत होतात, जळका वास येतो, मग दाबूनही सायकल थांबत नाही. जाऊबाईंची भाड्याची सायकल घेताना पॅड काढून बघायला लावा. मसाला दीड-दोन मिलिमीटर तरी शिल्लक हवा.

आणि एक, माझ्याच चुकीचं. पाच जणांना घेऊन गेलो होतो. चहाला थांबलो तेव्हा एका पोराची सायकल उजव्या अंगावर पडली. त्यानं उचलली, मी लांबूनच विचारलं, काही झालं का, तो नाही म्हणाला. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, ज्या छोट्या पत्र्यावर बसतो तो हँगर आत वाकला होता, दोन-तीन मिलिमीटर. सपाटीवर कळलं नाही. चढ लागला, पोरानं मागची सगळ्यात मोठी चक्री घातली आणि डिरेलर थेट स्पोकमध्ये. हँगर तुटला, चार तारा गेल्या, चेन पिळली. सात किलोमीटर ती सायकल ढकलत आणली आणि पाच जणांचा दिवस तिथं संपला. तेव्हापासून सायकल उजवीकडं पडली की मी स्वतः मागं उभा राहून बघतो, डिरेलरच्या दोन चक्र्या आणि मागची चक्री एका सरळ रेषेत दिसते का. हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. नवीन घ्याल त्याच दिवशी एक जादा हँगर मागून घ्या.

वाईची_सायकलवाली

ताई, चाकाआधी फ्रेमचं माप बघा, हे मी पोळल्यामुळं सांगतेय. माझी उंची पाच फूट एक. दुकानात माझ्या मापाची शिल्लक नव्हती म्हणून मला अठरा इंची फ्रेम दिली, 'सीट खाली केली की झालं' म्हणाले. सीट खाली झाली, पण हँडल लांबच राहिलं. पसरणी घाट उतरताना हाताला मुंग्या यायच्या आणि ब्रेकपर्यंत बोटं नीट पोचायची नाहीत. आठ महिन्यांनी तोट्यात विकली.

तुमच्या उंचीला बहुतेक कंपन्यांची 'स्मॉल', साधारण पंधरा-सोळा इंची फ्रेम बसते. मधला दांडा दोन्ही पायांच्या मधे घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभ्या राहा, दांडा आणि अंग यात दोन इंच तरी मोकळे हवेत. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा आपोआप जरासा वाकलेला राहतो. अहोंची सीटही अशीच तपासा. सीट खाली असल्यानं गुडघा दुखणारे मी खूप बघितलेत.

या मापात २९ चं चाक असेल तर चालवून बघा. दगडावरून ते सहज जातं हे खरं, पण वळणावर अंगापेक्षा मोठं वाटायला लागलं तर २७.५ घ्या. ब्रेकच्या लिव्हरला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर बोटांच्या जवळ आणता येते. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

दंडोबा_रविवार

मी मिरजेचा. साताऱ्याला जाण्याआधी सगळ्यांना एकदा दंडोबाच्या डोंगरावर न्या. भोशापर्यंत डांबरी, मग चढ, वर कच्ची वाट. घाटाएवढा लांब नाही, पण कोण कुठं मागं पडतं, कुणाची चेन उतरते, सगळं घराजवळच कळतं.

दुसरं, काटे. आपल्याकडं पाणंदीला बाभळीचे काटे आणि सराटे. सराट्याची गंमत अशी, काटा टायरात बसला तरी हवा लगेच जात नाही. तो उपसला की फुस्स होते. म्हणून पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू, एकेक इंच. पहिल्यांदा मी एकच काटा काढून ट्यूब बसवली होती, दोन किलोमीटरवर परत खाली. नंतर मोजले तर टायरात सात टोकं होती. ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारं द्रावण) घालून घ्या. आणि सहाही सायकलींचे वॉल्व्ह बघून ठेवा. काहींचा बारीक असतो, काहींचा मोटरसायकलसारखा जाड. पंप दोन्हीला चालणारा हवा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री घरातल्या सायकलींचे दात मोजले. पुतणीची काकांनी सांगितली तशीच, २४ आणि २८. ह्यांची हायब्रीड २८ आणि ३२, म्हणजे ०.८८! ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. यावर काही करता येईल का, की तीन सायकली घ्यायच्या? शिवाय सांगलीहून सायकली न्यायच्या कशा आणि दिवसाचं वेळापत्रक कसं ठेवू तेही सांगा.

शाहूपुरीकर

तीन कशाला? पुतणीच्या सायकलला मागं सात चक्र्यांचं फ्रीव्हील असेल तर ते काढून १४-३४ चं बसवून मिळतं. २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१. चेन जरा लांब लागेल, आणि तिचा डिरेलर एवढी मोठी चक्री झेपवतो का ते मेकॅनिककडून बघून घ्या. अहोंना मात्र भाड्याची माउंटन बाइक द्या. हायब्रीडचे टायर त्या खडीवर घसरतातही.

सायकली छोटा हत्तीत घाला. पुढची चाकं काढा, डिरेलरची बाजू वर किंवा मोकळी राहील अशा ठेवा, मधे जुन्या वाकळा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढल्यावर दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी अडकवा. वाटेत लिव्हर दाबली गेली तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि सकाळी चाक आत जात नाही.

आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम करा. बोगद्यातून सकाळी सातला निघा. डिसेंबरात त्याआधी पुरेसा उजेड नसतो. सातारा ते पठार चढ साधारण चारशे मीटर, वर मधले चढ-उतार वेगळे. सवय नसलेल्याचा मी तासाला दोनशे-अडीचशे मीटर धरतो, आणि प्रत्येक तासाला दहा मिनिटं थांबा. जाऊबाई किती वेळात चढतात तो तुमच्या सहा जणांचा वेळ. ऑफिसातल्या मुलांतला एक सगळ्यात मागं, पंप आणि हत्यारं त्याच्याकडं. दुसरा पुढं, पण प्रत्येक फाट्यावर सहा डोकी मोजल्याशिवाय तो हलणार नाही. मुलं ऐकणार नाहीत असं वाटलं तर मला आधी कळवा, मी स्वतः येतो मागं राहायला.

खाणं भूक लागायच्या आधी. गूळ-शेंगदाणे खिशात, दर अर्ध्या तासानं मूठभर. पाण्यात मीठ, साखर, लिंबू. पोटभर जेवण परत आल्यावर.

दीड वाजता जिथं असाल तिथून मागं फिरायचं, पठार अर्धं राहिलं तरी. पठारावर हवा जरा कमी ठेवा. तुमच्या वजनाला, सव्वादोन इंची टायर असेल तर तीस पीएसआयच्या आसपास. त्याहून खाली नको, दगडावर ट्यूब रिमखाली चेमटून शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. घाट उतरायच्या आधी पुन्हा पस्तीस-चाळीस करा. सीट दोन इंच खाली घ्या, एकामागं एक, मधे पाच-सहा सायकलींचं अंतर. चारच्या आत घाट उतरलेला हवा, नंतर समोरून गाड्या वाढतात आणि ऊन डोळ्यावर येतं.

पवनचक्क्यांच्या रस्त्यावर रखवालदार असतात. आधी विचारा, मग चाक घाला. जंगलाच्या बाजूला उतरणाऱ्या वाटा मात्र सोडून द्या, पलीकडं कोयनेचं अभयारण्य आहे.

कृष्णाकाठची

रविवारी दंडोबाला जाऊन आलो. सायकल घेतली, सोळा इंची फ्रेम, २७.५ ची चाकं, २२ आणि ३४. हँगर सोबत घेतला. पुतणीचं फ्रीव्हील बदललं, ती वरपर्यंत एकदाही न उतरता गेली आणि वर गेल्यावर नुसती हसत होती. जाऊबाईंना मी धरलं होतं त्याच्या दुप्पट वेळ लागला. तिसऱ्या वळणावर त्या उतरल्या आणि म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं. कुणीच पुढं गेलं नाही. त्यांच्या वेळावर पुन्हा हिशोब केला तर दीडपर्यंत आम्ही जेमतेम ठोसेघरच्या पुढं पोचतोय. म्हणून एक दिवस वाढवला. पहिल्या दिवशी ठोसेघरपर्यंत, तिथंच मुक्काम, दुसऱ्या सकाळी ताज्या पायांनी पठार.

काका, ठोसेघरला रात्री सायकली कुलपात ठेवता येतील अशी राहायची जागा तुमच्या माहितीत आहे का?

शाहूपुरीकर

आहे. तारीख ठरली की निरोपात कळवा, मी जाऊन बोलून येतो. आणि जाऊबाईंना सांगा, तिसऱ्या वळणावर उतरल्या ते बरोबर केलं, तिथं चालतच जायचं असतं.