रील्सला व्ह्यूज आहेत, पण आंब्याच्या ऑर्डरी येत नाहीत

आंबेवाली_देवगड: आमची स्वतःची बाग आहे, इन्स्टावर रील्स टाकते, लाइक्स भरपूर, पण पेटी कोणी मागत नाही. ब्लॉगसुद्धा सुरू करू का?

पुण्याहून: ताई, आधी पोस्टमध्येच भाव लिहा. पेटी किती डझनाची, फळ साधारण किती ग्रॅमचं, कुठल्या शहरात पोचवता, सगळं. "भावासाठी मेसेज करा" म्हटलं की निम्मे लोक तिथूनच पुढे सरकतात. आणि इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक क्लिकच होत नाही, ती बायोमध्ये टाका.

मसालेघर: व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्ट वापरा, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो, एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून पेटीत एक चिठ्ठी टाका, नंबर सेव्ह करा म्हणून. सोसायटीच्या ग्रुपात रोज जाहिरात मात्र नको हं, लोक वैतागतात.

लेखणी: ब्लॉग कराच, पण एप्रिलमध्ये लिहून उपयोग नाही, गुगलवर वर यायला वेळ लागतो, डिसेंबरातच टाका. लोक काय शोधतात ते लिहा, म्हणजे अस्सल देवगड ओळखायचा कसा, घरी अढी कशी घालायची (म्हणजे आंबे गवतात पिकत कसे ठेवायचे), 2018 साली हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा अर्थ काय. दरवर्षी नवीन पोस्ट नको, तीच अपडेट करा, लिंक तीच राहू दे. अढीतले फोटो तुमचेच हवेत, गवतासकट, नेटवरून उचललेले अजिबात नकोत.

आंबेवाली_देवगड: चिठ्ठी आजच छापायला देते, भावाचं पोस्टही रात्री टाकते 🙏