मधली मोटर आणि बोटभर फुफाटा: बी4 ते बी6.1 या प्रवासात नेमके काय बदलले?

सातारकर_लेस्टर

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या एका क्लबात रिमोटवर चालणारी 1:10 मापाची, फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारी इलेक्ट्रिक बगी पळवतो. सुरुवात टीम असोसिएटेड या कंपनीच्या जुन्या बी4 वर झाली आणि गेल्या वर्षी त्याच कुळातली बी6.1 वापरलेली विकत घेतली. आमच्या कृत्रिम गवताच्या ट्रॅकवर दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वळणात बी4 नाक बाहेर काढते आणि तिला ओढून आत आणावे लागते, बी6.1 मात्र स्टिअरिंगचे चाक हलवताच आत शिरते.

दिवाळीत दोन्ही गाड्या गावी नेल्या (बॅटऱ्या नियमाप्रमाणे हातातल्या बॅगेत, त्यावरून विमानतळावर अर्धा तास गेला तो वेगळा). गावाबाहेरच्या मैदानावर खाली घट्ट मुरूम आणि वर बोटभर फुफाटा होता. तेथे थ्रॉटल जरा दाबला की बी6.1 जागच्या जागी गिरकी घेऊ लागली, आणि बी4 शहाण्यासारखी सरळ निघून गेली. "काका, जुनीच चांगली आहे की," असे पुतण्याने ऐकवले, ते निराळेच. दोन्ही गाड्यांवर श्युमाकर कंपनीचे पिवळे, बारीक काड्यांचे मिनीपिन टायर होते. माझ्या गाडीत मोटर खाली झोपवलेला, म्हणजे लेडाउन गिअरबॉक्स आहे. हा दोष माझ्या सेटिंगचा मानावा, की नवी रचनाच मातीसाठी केलेली नाही असे समजावे?

मधला_आस

आपण दोन वेगवेगळ्या जमिनींसाठी घडवलेल्या गाड्या एकाच जमिनीवर उतरवल्या, एवढेच झाले आहे. 1984 साली आलेल्या, याच कुळातल्या मूळ आरसी10 गाडीचे सोनेरी अ‍ॅल्युमिनियम चॅसिस सर्वांच्या लक्षात राहते, पण तिची मोटर मागच्या आसाच्याही मागे होती ही गोष्ट आपल्या प्रश्नासाठी जास्त महत्त्वाची आहे. त्या काळात शर्यती सैल मातीवर होत, मागची चाके जमिनीला चिकटवून ठेवणे हीच मुख्य अडचण होती, आणि ते काम मागे लोंबणारे वजन फुकटात करीत असे. 2003 च्या बी4 पर्यंत हीच मांडणी टिकली.

पुढे युरोपातले आणि विशेषतः ब्रिटनमधले क्लब कृत्रिम गवत आणि कार्पेटकडे वळले. तेथे पकड आयतीच मिळते, त्यामुळे मागे लटकलेले वजन वळणात लोलकासारखे बाहेर झुलू लागते आणि पुढची चाके हलकी पडून गाडी सरळ जाऊ पाहते. यावर उपाय म्हणून मोटर आसाच्या पुढे, दोन्ही आसांच्या मध्ये आणली गेली. 2011 ची टीएलआर 22 ही दुसऱ्या कंपनीची गाडी दोन्ही प्रकारे जोडता येत असे. असोसिएटेडने पुढे बी5 आणि बी5एम अशा दोन स्वतंत्र गाड्याच काढल्या, पहिलीची मोटर मागे आणि दुसरीची मध्ये. बी6 येईपर्यंत मात्र निकाल मधल्या मोटरीच्या बाजूने लागलेला होता.

एक ढोबळ हिशेब करून पाहा. मोटरचे वजन दीडशे ग्रॅमच्या आगेमागे असते. ती 80 मिमी पुढे सरकवली आणि दोन आसांमधले अंतर 280 मिमी धरले, तर मागच्या चाकांवरचे साधारण 43 ग्रॅम पुढच्या चाकांवर जातात. दीड किलोच्या गाडीत हा आकडा किरकोळ वाटेल, आणि केवळ तेवढ्याने आपली गिरकी समजावता येणारही नाही. खरा फरक असा, की वजन मध्यावर गोळा झाल्यामुळे गाडी स्वतःभोवती फार सहज फिरते. गवतावर ज्याला आपण चपळपणा म्हणतो, तोच गुण फुफाट्यात गिरकी होऊन समोर येतो.

त्यात आपला गिअरबॉक्स लेडाउन आहे, म्हणजे मोटर चॅसिसच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेली. गुरुत्वमध्य खाली गेला की वेग घेताना मागे सरकणारा भारही कमी होतो. बी6.1डी या रूपात म्हणूनच लेबॅक गिअरबॉक्स दिला होता, ज्यात मोटर थोडी वर आणि मागे बसते. त्यातला डी म्हणजे डर्ट, अर्थात माती.

तीन_की_चार

वरच्या उत्तरातले वजनाचे गणित मान्य आहे, तरी पहिला आरोपी टायरच असावा असे माझे मत आहे. मिनीपिनच्या बारीक काड्या गवताच्या पात्यांत शिरण्यासाठी असतात. फुफाट्यात त्यांच्यामधल्या फटी दोन मिनिटांत भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. बी4 वर तेच टायर होते हे खरे, पण तिची रचना ते पाप पोटात घालते आणि बी6.1 घालत नाही. पुढच्या वेळी उंच, सुट्या खुंट्यांचे टायर घेऊन जा, मग रचनेचा निवाडा करू.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गिअरबॉक्सच्या आत किती गिअर आहेत ते मोजा. तीन असतील तर मोटर चाकांच्या उलट दिशेने फिरते. चार असतील तर चाकांच्याच दिशेने. चारांच्या रचनेत मोटर वेग घेताना तिची प्रतिक्रिया गाडीचे नाक उचलू पाहते, म्हणजे मागच्या चाकांवर भार टाकते, आणि सैल जमिनीवर ते हवेच असते. त्याची किंमत उडीत मोजावी लागते, कारण हवेत थ्रॉटल दिला की नाक जास्तच वर जाते.

मुळाकाठचा

पुण्यात आम्ही मैदानावरच पळवतो, त्यामुळे मी बी4 विकलेली नाही आणि आपणही विकू नये. बी6.1 मातीवर न्यायचीच असेल तर शॉर्टी (आखूड) बॅटरी जितकी मागे सरकेल तितकी सरकवावी, मागच्या बाजूस तीस-चाळीस ग्रॅमचे पितळी वजन लावावे, मागच्या स्प्रिंगा एक पायरी मऊ कराव्यात आणि ट्रान्समीटरवर थ्रॉटलची सुरुवात सौम्य ठेवावी. या क्रमानेच करा, एका वेळी एकच बदल.

दोन्ही गाड्या एकाच पेटीत ठेवत असाल तर एक सावधगिरी घ्या. बी4 चे स्क्रू इंची आहेत आणि बी5 पासून सगळे मेट्रिक. एक सोळांश इंचाच्या बारीक स्क्रूत दीड मिमीची अ‍ॅलन की बसल्यासारखी वाटते, पण सुमारे नऊ शतांश मिलिमीटरची फट राहते आणि जोर लावताच स्क्रूचे षटकोनी तोंड गोल होते. तसे दोन स्क्रू मी ड्रिलने काढले आहेत. दोन्ही संचांना वेगवेगळ्या रंगाची टेप लावून ठेवा.

सातारकर_लेस्टर

सर्वांचे आभार. काल रात्री गिअरबॉक्स उघडला. आत तीन गिअर निघाले, आणि डिफच्या (डिफरन्शियलच्या) बेअरिंगमध्ये गावाकडची तांबडी माती अजून तशीच होती. बॅटरी मात्र पुढच्या टोकाला होती आणि तिच्यामागे फोमचा ठोकळा. आधीच्या मालकाने गवतासाठी तशी ठेवली असणार, आणि मी ती वर्षभर हलवलेली नव्हती. मे महिन्यात पुन्हा गावी जाणार आहे. खुंट्यांचे टायर मागवले आहेत आणि ठोकळा आता बॅटरीच्या पुढे बसवला आहे.