मदत हवी आहे: मैत्रिणीची गोष्ट मी तिच्या परवानगीशिवाय सांगून बसले

नमस्कार. नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आम्ही दोघी १९ वर्षांच्या. पाचवीपासून एका बाकावर बसलो, आता पुण्यात एकाच खोलीत कॉट बेसिसवर राहतो. ती खो-खो खेळते. उंच, काटक, सूर मारून गडी टिपते तेव्हा बघत राहावं. तिला पाळी कधी आलीच नव्हती. ती मला सगळं सांगते असं मी धरून चालले होते, आणि ही गोष्ट मला गेल्या महिन्यात कळली.

दर महिन्याला ती दुकानातून पॅडचं पाकीट आणायची. माझी तारीख लक्षात ठेवून स्वतःची दोन दिवस पुढची सांगायची. कोरं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिसेल असं कचऱ्यात टाकायची. आठवीत असताना आमच्याकडे गौरीजेवणाच्या दिवशी मला नेमकी अडचण होती, म्हणून मी पडवीत एकटी बसले होते, रडत. ती आली, आईला म्हणाली, "काकू, मलापण अडचण आहे," आणि माझ्या शेजारी चटईवर येऊन बसली. दोघींनी पडवीतच पुरणपोळी खाल्ली. आता ते आठवलं की घशात आवंढा येतो.

प्रशिक्षक म्हणायचे, खेळाडू मुलींना उशिरा येते. घरचेही त्यावरच थांबले. शेवटी तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं नाही. मग रक्ततपासणी झाली आणि रिपोर्टवर ४६, एक्सवाय आलं, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तशी गुणसूत्रं. पोटात अंडाशयांऐवजी वृषणग्रंथी आहेत. डॉक्टरांनी नाव सांगितलं कम्प्लीट अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम. मला समजलं ते असं: तिचं शरीर पुरुषी संप्रेरक तयार करतं, पण पेशींना ते ओळखताच येत नाही. त्यातल्याच काहीचं इस्ट्रोजेन हे स्त्री संप्रेरक होतं, म्हणून ती वाढली ती मुलीसारखीच. चार वर्षांची असताना तिचं दोन्ही बाजूंच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी काकांना "मोठी झाली की एकदा दाखवा" एवढंच सांगितलं होतं म्हणे. ते वाक्य घरात पंधरा वर्षं तसंच पडून राहिलं.

दवाखान्यात सगळं इंग्रजीत चाललं होतं. काकूंना त्यातला एकच शब्द कळला, मेल, म्हणजे पुरुष. घरी येऊन त्यांनी रिपोर्ट जुन्या साडीच्या घडीत ठेवला आणि तिला सांगितलं, मेलीस तरी कुणाला बोलू नकोस. ती मला बोलली. रात्री अडीच वाजता, दिवा बंद करून.

आता माझी चूक. आमच्यात तिसरा एक आहे. अकरावीपासूनचा मित्र, आणि दोन वर्षांपासून तिचा तो. रिपोर्ट आल्यावर तिने त्याचे फोन घेणं बंद केलं. तो रोज मला विचारायचा, माझं काय चुकलं? एक दिवस बसस्टॉपवर रडला. मला वाटलं, खरं कळलं तर तो तिला समजून घेईल, मी दोघांच्या भल्याचंच करतेय. आणि मी सांगून टाकलं. मोबाइलवर शोधून, लेख वाचून दाखवत.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी मुलावर प्रेम करत होतो का?" तो वाईट नाही हो. पण त्या क्षणी त्याला ती दिसतच नव्हती, स्वतःचं काय हेच दिसत होतं. रात्री त्याने तिला फोन करून तेच विचारलं. तिने फोन ठेवला, बॅग भरली आणि सकाळच्या एसटीने गावी गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. न फोडलेलं पॅडचं पाकीट तेवढं माझ्या कप्प्यात ठेवून गेली.

मी तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतेय. धावपटू शांती सौंदराजन यांच्याबद्दल वाचलं. २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्यपदक, मग लिंगचाचणी, पदक काढून घेतलं, आणि त्यांच्या शरीराबद्दल सगळ्या देशाने बातम्यांत ऐकलं. वाचताना माझा संताप झाला. आणि मग पोटात गोळा आला. मी बसस्टॉपवर वेगळं काय केलं होतं?

मला विचारायचं आहे ते असं. तिची माफी कशी मागू? तिच्या धाकट्या बहिणीकडून कळलं की एका डॉक्टरांनी "कॅन्सर होईल, लगेच काढून टाका" म्हणून पुढच्या आठवड्याची ऑपरेशनची तारीख दिली आहे. खरंच इतकी घाई आहे का? आणि तिचे मामा म्हणतात, ऑपरेशन उरकू, कुठे बोलायचं नाही, वर्षभरात स्थळ बघू. ती काहीच बोलत नाहीये. मी काय करू शकते, काय करू नये?

*

डॉ_सह्याद्री: मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा. निदान पक्कं असेल, म्हणजे खरोखर पूर्ण स्वरूपाचं अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम (एआयएस) असेल, तर वयात येईपर्यंत कॅन्सरचा धोका फार कमी असतो. पुढे तो काहीसा वाढतो, म्हणून काही जणी ग्रंथी काढून घेतात, काही जणी ठेवून वेळोवेळी तपासणी करतात. दोन्ही रास्त आहे. पण एका आठवड्यात ठरवण्याची ही गोष्ट नाही. त्या ग्रंथीच तिला इस्ट्रोजेन पुरवत आहेत. काढल्या की वर्षानुवर्षं हार्मोनची औषधं घ्यावी लागतात, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. खेळणाऱ्या मुलीला हे आधी सांगायलाच हवं.

मात्र "घाई नाही" हे ऐकून निदानाची खात्री करायला विसरू नका. ४६, एक्सवाय हा अहवाल स्वायर सिंड्रोममध्येही येतो. तिथे ग्रंथी कामच करत नाहीत, गाठीचा धोका बराच असतो आणि त्या लवकर काढायला सांगतात. फरक असा की स्वायरमध्ये गर्भाशय असतं आणि औषधांशिवाय छातीची वाढ होत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं वाटत नाही, पण एमआरआय, संप्रेरकांच्या पातळ्या आणि जमल्यास जनुक तपासणी हे एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञाच्या, सल्ल्याने व्हावं. समुपदेशकही हवा. आणि तिच्याशी मराठीत बोलणारा डॉक्टर शोधा. हे मी मनापासून सांगतेय, आम्ही लोक इथेच कमी पडतो.

वकील_नाशिककर: ती सज्ञान आहे. संमतीपत्रावर सही तिची, मामांची नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०१९ च्या निकालात, आंतरलिंगी (इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः शरीर स्त्री किंवा पुरुष अशा ठरावीक साच्यात न बसणाऱ्या) बाळांच्या शस्त्रक्रियांबाबत, आईवडिलांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे असं म्हटलं होतं. मग १९ वर्षांच्या मुलीचं काय सांगावं? लग्नाबद्दल: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेल्या संमतीवरचं लग्न रद्द होऊ शकतं. लपवाछपवीने तिचं संरक्षण होणार नाही, उलट तीच कोर्टात उभी राहील.

रानजाई: अगं पोरी, मी ४१ वर्षांची आहे आणि माझा रिपोर्टही ४६, एक्सवाय आहे. मला सतराव्या वर्षी कळलं, तेही अर्धंच. "गर्भपिशवी नाही" एवढं सांगितलं. पोटातलं काढलं तेव्हा काय काढलं हे मला पंचविसाव्या वर्षी जुनी फाइल चाळताना समजलं. माझ्या आजाराने मला जेवढं रडवलं नाही तेवढं त्या फाइलने रडवलं.

तुझ्या मैत्रिणीला सांग, जमेल तेव्हा, की तिच्यात मुलगा लपलेला नाही. ती जी आहे तीच आहे, रिपोर्टच्या आदल्या दिवशी होती तीच. कुणी स्वतःला बाई म्हणतं, कुणी इंटरसेक्स म्हणतं, कुणी दोन्ही. ते तिचं तिने ठरवायचं, त्या मुलाने नाही आणि तूही नाही. स्पेनची मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो ही अडथळ्यांच्या शर्यतीची धावपटू. तिला १९८५ मध्ये कोबेच्या स्पर्धेत हेच कळलं. पुढे बातमी फुटली, नातं तुटलं, शिष्यवृत्ती गेली. ती भांडली आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा खेळण्याची परवानगी मिळाली. खेळाडू पोरीला ही गोष्ट आवडेल.

माझ्या नवऱ्याला मी लग्नाआधी सांगितलं. तो दोन महिने गप्प होता. ते दोन महिने फार वाईट गेले, खोटं बोलणार नाही. मग आला. आम्ही मुलगी दत्तक घेतली, ती आता सहावीत आहे. तुमचा तो मित्र येईल की नाही मला माहीत नाही. त्याला वाट पाहायला सांग, आणि तिला फोन करू नकोस म्हणून सांग. आणि त्याने आणखी कुणाला सांगितलं असेल तर ते आजच विचारून घे.

माफी मागताना "तुझ्या भल्यासाठी" हे शब्द वापरू नकोस. लांब पत्र लिहू नकोस. काय सांगितलंस, किती सांगितलंस, कुणाला, एवढंच लिही. तिला ते माहीत हवं, कारण ती आत्ता झोपताना हाच हिशेब करत असणार.

काजवा: एक विचारू? राग मानू नकोस. हे इथे लिहिण्याआधी तिला विचारलंस का?

धागाकर्ती: नाही विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचून हातपाय गार पडले. पुन्हा तेच केलं मी. तपशील बदलले म्हणजे झालं असं वाटलं होतं. आज तिला धाग्याचा दुवा पाठवतेय, ती म्हणेल तर लगेच काढायला सांगेन. रानजाईताई, त्याला विचारलं. त्याने मोठ्या भावाला सांगितलंय. भावाशीही बोलले. तेही तिला लिहितेय.

धागाकर्ती (चार दिवसांनी): तिला हे पाठवलं: "मी त्याला सगळं सांगितलं, रिपोर्टसकट. त्याने भावाला सांगितलं. आणखी कुणाला नाही. शिवाय इथे लिहिलंय, तुला न विचारता. चूक माझी आहे. ऑपरेशनबद्दल डॉक्टरांनी लिहिलंय ते मात्र वाच." दोन दिवस निळी खूणसुद्धा आली नाही.

काल रात्री उत्तर आलं. जसंच्या तसं देतेय, तिनेच द्यायला सांगितलंय.

"धागा राहू दे. कुणाला तरी उपयोग होईल. गौरीचं आठवीतलं नाही, नववीतलं आहे. ऑपरेशनची तारीख मी रद्द केली, आई माझ्या बाजूने आहे. त्या बाईंना विचार, मला त्यांच्याशी बोलता येईल का. बुधवारी पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे येतेय. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. आत मी आणि आई जाणार. तू बाहेर बस."

रानजाईताई, तुम्हाला निरोप पाठवला आहे. डॉक्टर, बुधवारी कोणते जुने कागद न्यावेत? हर्नियाच्या ऑपरेशनचे कागद काकूंना सापडलेत, पिवळे पडलेत पण वाचता येतात. वेळ अकराची आहे. मी दहालाच जाऊन बसते.