मदत हवी आहे: जलरंगात डोंगराची भव्यता कशी आणायची?

नमस्कार मंडळी,

डोंगररांगा जलरंगात रंगवतेय आणि दोन ठिकाणी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

दूरचे डोंगर निळसर दिसतात ते हवेमुळे. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, त्यामुळे मध्ये जितकी हवा जास्त तितका तो निळा पडदा दाट. लिओनार्दो दा विंचीने हे पाचशे वर्षांपूर्वीच टिपून ठेवलंय. म्हणून मागची रांग फिकट आणि पुढची गडद, एवढं जमतं. पण मग सर्वांत मागचं, सर्वांत उंच शिखर कागदावर ढगासारखं हलकं होऊन बसतं! खरं तर त्याच शिखरासमोर बोलता बोलता माणूस गप्प होतो. तो दबदबा फिकट रंगात कसा आणायचा? कडा धारदार ठेवाव्यात की पायथा धुक्यात विरघळवावा?

दुसरं, सूर्य मावळताना बर्फावर येणारी गुलाबी झाक. दरीत अंधार, माथा मात्र उजळलेला. माझा सगळा जीव त्या काही मिनिटांत अडकलाय. गुलाबीचा पातळ थर पूर्ण वाळल्यावर सावलीचा निळा देते, तरी ओल्या ब्रशने खालचा रंग सुटतो आणि कडेला राखाडी गढूळपणा येतो. कागद दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा, कोल्ड प्रेस (म्हणजे किंचित खरखरीत पोताचा). आधी निळा द्यावा का? की न सुटणारे रंगच निवडावेत, आणि कोणते?

कुणी बर्फाची शिखरं रंगवली असतील तर थरांचा क्रम जरूर सांगा.