पुळणीवरून गरवण्यासाठी रीळ कोणते घ्यावे? दोन हंगामांत दोन रिळे निकामी झाली

गुहागरची पुळण (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर गुहागरला आहे आणि नोकरीनिमित्त मी पुण्यात असतो. महिन्यातून एकदोनदा गावी जाणे होते, तेव्हा पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या भरतीला पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, आणि उधाणाचे दिवस असतील तर अंजनवेलच्या बाजूला खाडीच्या मुखाशी मी गरवतो, म्हणजे गळाने मासे धरतो. लहानपणी हातात तंगूस (नायलॉनची दोरी) धरूनच गरवायला शिकलो. रॉड आणि रीळ हाती आले त्याला आता चार वर्षे होतील. 12 फुटांचा रॉड, 80 ते 100 ग्रॅमचे शिसे, आमिषाला कोलंबी किंवा बोयाचा तुकडा, आणि मनात रावस नाहीतर जिताडा, असा साधारण बेत असतो.

गेल्या दोन हंगामांत माझी दोन रिळे निकामी झाली. पहिल्याचे हँडल फिरवताना जात्यात वाळू दळल्यासारखा आवाज येऊ लागला होता, तरी ते चालत होते. पावसाळा संपल्यावर कपाटातून काढले तेव्हा मात्र ते जागचे हलेना. दुसऱ्या रिळाचा लाइन रोलर, म्हणजे ज्या छोट्या चाकावरून दोरी वळून स्पूलवर (दोरीच्या गुंडीवर) येते ते चाक, जाम झाला. न फिरणाऱ्या चाकावर घासून घासून दोरी कमजोर झाली आणि चांगला मोठा मासा किनाऱ्यापासून दहा हातांवर आलेला असताना तुटली. ही दोन्ही रिळे मी प्रत्येक वेळी घरी आल्यावर जोरदार पाण्याच्या धारेखाली धूत होतो, त्यामुळे निगेत कुठे कमी पडलो हे मला उमगत नाही.

आता 15,000 रुपयांपर्यंत खर्च करून एकच, पण टिकणारे रीळ घ्यावे असे ठरवले आहे. जास्त बेअरिंगे असलेले रीळ अधिक टिकते का, पाणी आत शिरू नये म्हणून सांधे बंद केलेल्या, सीलबंद रिळांचा खरोखर उपयोग होतो का, आणि माझ्या रॉडला कोणत्या आकाराचे रीळ योग्य ठरेल, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

देवगडचे खडप

आधी बेअरिंगांविषयी सांगतो, कारण दुकानात सर्वांत मोठ्या अक्षरांत तोच आकडा छापलेला असतो. खाऱ्या पाण्यात बेअरिंगांची संख्या हा गुण मुळीच नाही. प्रत्येक बेअरिंग म्हणजे गंज धरू शकणारी आणखी एक जागा, आणि स्वस्त रिळातील दहा साध्या बेअरिंगांपेक्षा चांगल्या रिळातील पाच झाकलेली, गंजरोधक बेअरिंगे केव्हाही अधिक दिवस टिकतात. पाहायचे असेल तर रिळाचे शरीर कशाचे आहे ते पाहावे. ग्राफाइटचे, म्हणजे खरे तर तंतू घालून मजबूत केलेल्या प्लॅस्टिकचे शरीर गंजत नाही हे खरे. परंतु 100 ग्रॅमचे शिसे आणि जोर करणारा मासा यांच्या ताणाखाली ते किंचित वाकते, त्यामुळे आतले गिअर एकमेकांशी नीट जुळून राहत नाहीत आणि झिजतात. तुमच्या पहिल्या रिळाच्या दळण्याचे निम्मे कारण हेच असावे असा माझा अंदाज आहे. पुळणीवर जड शिसे फेकणाऱ्याने धातूच्या शरीराचेच रीळ घ्यावे, वजन थोडे जास्त झाले तरी चालेल.

आकाराच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी: 6000 किंवा 8000 हे क्रमांक सर्व कंपन्यांचे सारखे नसतात, त्यामुळे क्रमांकापेक्षा स्पूलवर किती दोरी मावते ते वाचावे. 12 फुटांच्या रॉडला 30 पौंडांची वेणीची दोरी 250 ते 300 मीटर मावेल असे रीळ पुरेसे होते. त्याहून मोठे रीळ घेतल्यास चार तासांत मनगट बोलू लागते. ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी किती ताणाला सुटावी हे ठरवणाऱ्या ब्रेकच्या, आकड्याचेही तसेच आहे. वीस किलोचा ड्रॅग मिरवणारी रिळे असतात, पण ड्रॅग हा दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका बसवायचा असतो. 30 पौंड म्हणजे सुमारे साडेतेरा किलो. म्हणजे तुम्हाला साडेतीन ते साडेचार किलोपेक्षा जास्त ड्रॅग लावावाच लागणार नाही. जास्तीत जास्त ड्रॅग किती यापेक्षा तो धक्के न देता, एकसारखा सुटतो की नाही हे दुकानात दोरी हाताने ओढून पाहावे. ड्रॅगच्या आतल्या चकत्या कार्बन फायबरच्या असतील तर उत्तम.

सीलबंद रिळांचा उपयोग होतो. पेन कंपनीच्या स्पिनफिशर 6 मालिकेला आयपीएक्स 5 आणि स्लॅमर 4 ला आयपीएक्स 6 असा जलरोधकतेचा दर्जा आहे. यांतील 5 चा अर्थ पाण्याची धार आणि 6 चा अर्थ अधिक जोरदार धार सोसण्याची क्षमता. पाण्यात बुडण्याची हमी 7 पासून सुरू होते, आणि तीही एक मीटर खोलीवर अर्धा तास इतकीच. या चाचण्या गोड्या पाण्यात, नव्या कोऱ्या वस्तूवर होतात हे लक्षात ठेवावे. लाटेत कमरेएवढे उभे राहून गरवणाऱ्याला सीलचा लाभ नक्की आहे, पण सील म्हणजे धुण्यातून सुटका नव्हे.

मुंबई, दुरुस्तीचे टेबल

मी हौसेने मित्रमंडळींची रिळे उघडून दुरुस्त करतो, त्यामुळे आतून काय दिसते तेवढे सांगतो. तुमच्या प्रश्नातील एका वाक्याने मला थांबवले, ते म्हणजे जोरदार धारेखाली धुणे. रिळावर वाळलेले मीठ बहुतांशी बाहेरच्या बाजूला असते. जोराची धार ते मीठ विरघळवते आणि तेच खारट पाणी हँडलच्या भोकातून, स्पूलखालच्या दांड्याच्या बाजूने आणि लाइन रोलरच्या फटीतून आत ढकलते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. धुण्याची पद्धत अशी असावी: आधी ड्रॅग पूर्ण घट्ट करावा, म्हणजे आतल्या चकत्यांपर्यंत पाणी पोहोचणार नाही, मग झारीने झाडांना घालतो तसे हलके, साधे पाणी वरून घालावे, हँडल फिरवू नये, रीळ बादलीत बुडवू नये, गरम पाणी वापरू नये, कारण त्याने ग्रीस सुटते. मऊ कापडाने टिपून सावलीत वाळू द्यावे आणि पूर्ण वाळल्यावर ड्रॅग सैल करावा, नाहीतर चकत्या दाबून राहून चपट्या होतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग धक्के देतो.

पावसाळ्यात कपाटातल्या कपाटात रीळ का जाम झाले, याचेही उत्तर मिठातच आहे. आषाढात मिठाची बरणी पाझरते हे प्रत्येक घरात दिसते. हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. उन्हाळ्यात रिळाच्या आत कोरडे पडून राहिलेले कण कोकणच्या पावसाळ्यात चार महिने ओले राहतात, आणि कोणीही हात न लावलेले रीळ समुद्रात बुडवून ठेवल्यासारखे गंजते. त्यातही जिथे ॲल्युमिनिअमच्या शरीरात स्टीलचा स्क्रू बसवलेला असतो, तिथे दोन वेगळे धातू आणि मधले खारे पाणी मिळून एक लहानसा विद्युतघटच तयार होतो व ॲल्युमिनिअम झिजू लागते. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावे. विरघळली तर मीठ आहे. न विरघळता तशीच राहिली तर ते झिजलेले ॲल्युमिनिअम आहे, आणि मग तो स्क्रू लवकर सोडवावा, कारण पुढे तो निघणार नाही.

लाइन रोलर हा रिळाचा सर्वांत आधी जाणारा भाग आहे, कारण ओली दोरी प्रत्येक फेकीला खारे पाणी थेट त्याच्यावरच आणून सोडते. तो बहुधा एका स्क्रूने उघडतो. उघडताना भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेत जावे, म्हणजे बारीक वॉशरांचा क्रम चुकणार नाही. दोनतीन फेऱ्यांनंतर तिथे पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा. कृपया एवढे मात्र सांगा, की तुम्ही रीळ धुता ते पाणी कोणते?

गुहागरची पुळण

मनापासून आभार. पाणी आमच्या आगरातल्या विहिरीचे, पंपाने चढवलेले. किनारा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत पाणी गोड असते, पण मार्चनंतर ते मचूळ होते. प्यायला आम्ही नळयोजनेचेच पाणी भरतो. नेमके याच दिवसांत माझे गरवणे सर्वांत जास्त होते. हा विचार मी कधी केलाच नव्हता.

मुंबई, दुरुस्तीचे टेबल

मग तुमची दोन्ही रिळे मिठाने धुतली गेली, असे म्हणावे लागेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मचूळ विहिरीत त्याहून पुष्कळ कमी असले तरी प्रत्येक धुण्यानंतर पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच साठत राहतात. पिण्याचे एक लिटर पाणी रिळासाठी बाजूला काढावे. झारीने हलके घालण्यासाठी एवढे पुरते.

रेवदंड्याची खाडी

वरच्या दोघांशी मी बराचसा सहमत आहे, परंतु सीलबंद रिळाविषयी माझे मत वेगळे आहे. आपल्या गावांपासून अधिकृत दुरुस्ती केंद्र दूर असते. डायवा कंपनीच्या काही रिळांत चुंबकीय तेलाचा पडदा सीलचे काम करतो. ही रचना कौशल्याची आहे, पण तो भाग घरी उघडल्यास तो पडदा मोडतो आणि नेहमीच्या तेलाने तो पुन्हा उभा करता येत नाही. रबरी सीलही वर्षांनुवर्षे कोरडे पडतात, आणि एकदा का सीलमधून पाणी आत शिरले की त्याच सीलमुळे ते आत कोंडून राहते. बाहेरून रीळ निरोगी दिसते, म्हणून कोणी उघडतही नाही. मी अकरा वर्षे एकच साधे, धातूच्या शरीराचे, सील नसलेले रीळ वापरतो आहे. त्याचा प्रत्येक स्क्रू माझ्या ओळखीचा आहे. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि दिवाळीच्या आसपास, मी ते पूर्ण उघडतो.

त्या वेळी गिअर आणि बेअरिंगे रॉकेलमध्ये धुऊन, पुसून पूर्ण कोरडी करतो. रबरी भाग आणि ड्रॅगच्या चकत्या रॉकेलपासून दूर ठेवतो. मुख्य गिअरला बोटींच्या इंजिनांसाठी मिळते ते पाण्याला दाद न देणारे ग्रीस लावतो, बेअरिंगांना पातळ तेल. हँडल उलट फिरू न देणारा जो रोलर क्लच असतो त्याला मात्र ग्रीस अजिबात लावू नये. त्याचे बारीक रोलर ग्रीसमध्ये अडकले की नेमका मासा लागल्यावर हँडल मागे सरकते. गंज सोडवणारे फवारे वंगण म्हणून वापरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ते फवारे आतले चांगले ग्रीस पातळ करून वाहून नेतात आणि स्वतः उडून जातात, म्हणून ते केवळ अडकलेला स्क्रू सोडवण्यापुरतेच वापरावेत.

वाळूविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. आमिष लावताना रीळ पुळणीवर टेकवणे ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. मीटरभर लांबीचा पीव्हीसी पाइप एका टोकाला तिरका कापून वाळूत ठोकला की रॉड उभा राहतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. रीळ पडलेच तर हँडल फिरवू नये. आधी वाळू धुवावी.

देवगडचे खडप

रेवदंड्याच्या बंधूंचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो स्वतः रीळ उघडणाऱ्याला लागू पडतो. प्रश्नकर्ते महिन्यातून दोनदा गावी येतात आणि रविवारी रात्री परत निघतात. त्यांना मी धातूच्या शरीराचे, अर्धसीलबंद, पण सुटे भाग सहज मिळणारे रीळ सुचवीन. आणि खरेदी करतानाच एक जास्तीचे लाइन रोलरचे बेअरिंग मागून घ्यावे असे म्हणेन.

गुहागरची पुळण

निर्णय झाला. धातूचे शरीर, आयपीएक्स 5, 300 मीटर दोरी. जुने जाम झालेले रीळ टाकून न देता पुण्याला नेतो आहे आणि छायाचित्रे काढत ते उघडून पाहणार आहे, कारण शिकायचे तर त्याच्यावरच शिकता येईल. पावसाळ्यात नवे रीळ गावी ठेवावे की पुण्याला न्यावे, एवढेच विचारायचे राहिले.

मुंबई, दुरुस्तीचे टेबल

पुण्याला न्यावे. तिथली हवा कोकणापेक्षा कोरडी असते. जाण्यापूर्वी स्पूल काढून त्याखालचा दांडा पुसावा आणि ग्रीसचा पातळ हात द्यावा. स्पूलवरची दोरी सैल गुंडाळून गोड्या पाण्यात तासभर भिजवून वाळवावी, कारण वेणीच्या दोरीच्या आतल्या थरांत पुष्कळ मीठ दडलेले असते आणि ते स्पूलला आतून खाते. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. सुती पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून, ड्रॅग सैल करून ठेवावे आणि महिन्यातून एकदा हँडल दहाबारा वेळा फिरवावे. जुने रीळ उघडल्यावर छायाचित्रे इथे टाका; गिअर झिजला आहे की केवळ बेअरिंग गंजले आहे ते पाहून सांगता येईल, आणि नुसते बेअरिंगच असेल तर ते रीळ तुमच्याकडे दुसरे म्हणून पुन्हा उभे राहील.