मदत हवी आहे: ब्रुकलिनमध्ये आणीबाणीत ९११ की हात्सोला?

केन्सिंग्टनकर:
ब्रुकलिनमध्ये केन्सिंग्टनला, बरो पार्कच्या अगदी शिवेवर राहतो. आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. बाबा ७४ वर्षांचे, दोन स्टेंट, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. आईला मधुमेह आणि दमा. आजूबाजूची बरीच घरं ऑर्थोडॉक्स ज्यू कुटुंबांची आहेत आणि त्यांच्याकडे फोनवर हात्सोला या ज्यू स्वयंसेवकांच्या ॲम्ब्युलन्स सेवेचा स्टिकर असतोच. शेजारी म्हणतात, ९११ या सरकारी आणीबाणीच्या नंबरपेक्षा हे आधी पोचतात. आम्ही ज्यू नाही, तरी येतील का? बिल किती होतं? शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार या त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, फोन लागतो का? आणि दोन्हीकडे फोन करून ठेवावा का? माहीतगारांनी नीट सांगा. मला आईबाबा यायच्या आधी सगळं लिहून भिंतीवर लावायचं आहे.

पिंपळपान:
येतात. रुग्ण ज्यू आहे का, हे फोनवर कुणी विचारत नाही.

हात्सोला म्हणजे हिब्रूत बचाव, सुटका. इस्रायलमध्ये त्याच शब्दाचा उच्चार हात्झाला होतो, म्हणून दोन्ही नावं ऐकू येतील. १९६० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम्सबर्गमध्ये हर्शेल वेबर यांनी ही सेवा सुरू केली. मुद्दा साधा होता. शहराची गाडी येईपर्यंतची पहिली काही मिनिटं रुग्ण उपचाराविना राहतो, आणि तेवढ्यात गल्लीतला प्रशिक्षित माणूस धावत येऊ शकतो. हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि शॉक यांविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. सगळी रचना या एका गोष्टीभोवती उभी आहे.

शब्बाथचं म्हणाल तर फोन उचलला जातो आणि गाडीही निघते. ज्यू धर्मशास्त्रात ‘पिकुआख नेफेश’ म्हणजे जीव वाचवणं हे शब्बाथच्या जवळजवळ सगळ्या बंधनांहून वरचं आहे. हात्सोलाचा सभासद सिनेगॉगमध्येही, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळातही, वायरलेस कमरेला लावून बसतो आणि प्रार्थना अर्धी टाकून उठतो. त्या दिवशी गाडी चालवणं हे त्याच्यासाठी नियम मोडणं नसून कर्तव्य आहे. तेव्हा शुक्रवारी रात्री ‘त्यांना कसं उठवायचं’ असा संकोच करून वेळ घालवू नका.

सदाफुली११:
फोन केल्यावर काय होतं ते क्रमाने सांगते, कारण घोटाळे तिथेच होतात.

फोन घेणारा आधी पत्ता विचारतो, मग काय झालंय ते. रुग्ण शुद्धीवर आहे का आणि श्वास चालू आहे का, ही दोन उत्तरं तयार ठेवा. तो पत्ता वायरलेसवर पुकारतो. जवळचे सभासद आपापला क्रमांक सांगून ‘निघालो’ म्हणतात. त्यातले एक-दोघे थेट तुमच्या घरी येतात आणि दुसरा कुणी ॲम्ब्युलन्स उभी असते तिथून ती घेऊन येतो. म्हणजे पहिल्यांदा दाराशी येईल ती साधी मोटार, आणि खांद्याला मोठी बॅग लावलेला, बहुधा काळ्या कोटातला, दाढीवाला माणूस. ‘ॲम्ब्युलन्स कुठाय?’ म्हणून त्याला दारात अडवू नका. उपचार त्याच्यापासूनच सुरू होतात.

त्याच्याकडे ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, शॉक देणारं यंत्र म्हणजे एईडी, मास्कला जोडलेली हवेची पिशवी, बीपी, साखर आणि ऑक्सिजन मोजायची यंत्रं, ॲस्पिरिन, दम्याचं नेब्युलायझर, ॲलर्जीसाठी एपिनेफ्रिन, रक्तस्राव थांबवायचे पट्टे असं असतं. तो सिलिंडर मिनिटाला १५ लिटरने सोडला तर वीसेक मिनिटं टिकतो, म्हणून मागून येणारी ॲम्ब्युलन्स हवीच. ईसीजी काढणारे, शिरेतून औषध देणारे पॅरामेडिक वेगळे असतात. छातीत दुखतंय असं फोनवर स्पष्ट सांगितलंत तर ते सुरुवातीलाच निघतात. ‘बाबांना बरं वाटत नाहीये’ एवढंच सांगितलंत तर कुणाला पाठवायचं हे त्यांना कसं कळणार?

आता पत्ता. ब्रुकलिनमध्ये ईस्ट फोर्थ स्ट्रीट आहे, वेस्ट फोर्थ आहे, नुसती फोर्थ स्ट्रीट आहे, विल्यम्सबर्गला नॉर्थ फोर्थ आणि साउथ फोर्थ आहेत, ब्रायटन फोर्थ आहे, शिवाय फोर्थ ॲव्हेन्यू आहेच. घाईत ‘ईस्ट’ गिळला की गाडी नुसत्या फोर्थ स्ट्रीटवर, पार्क स्लोप भागात जाते. घर कोणत्या दोन आडव्या रस्त्यांमध्ये आहे तेही सांगायची सवय लावा: ‘ईस्ट फोर्थ, चर्च ॲव्हेन्यू आणि बेव्हर्ली रोडच्या मध्ये’.

आणि मजला! आपण तळमजल्यानंतर पहिला मजला मोजतो. इथे रस्त्याच्या पातळीवरचा मजलाच ‘फर्स्ट फ्लोअर’. आपला दुसरा तो यांचा तिसरा. आईबाबांनी मराठी हिशोबाने सांगितलं तर माणूस बॅग आणि सिलिंडर घेऊन खालच्या मजल्यावर भलतंच दार ठोठावत बसेल. आईबाबांना मजला सांगूच देऊ नका. अपार्टमेंट नंबर सांगू द्या, ‘थ्री-बी’, बस.

घरातला दुसरा माणूस मोकळा असेल तर त्याने खाली जाऊन मुख्य दार उघडं धरावं, बाहेरचा दिवा लावावा, लिफ्ट खाली थांबवून ठेवावी. लिफ्ट नसेल तर ते पायऱ्यांवरून उतरवायची खुर्ची आणतात. जिन्यातली सायकल आणि चपलांचं कपाट आजच हलवा.

भाऊ_ब्रुकलिन:
पैशांबद्दल. न्यूयॉर्कमधली हात्सोला रुग्णाला बिल लावत नाही. सभासद बिनपगारी, गाड्या आणि सामान देणग्यांवर. येणाऱ्या माणसाच्या हातात नोटा ठेवू नका, त्याला अवघडल्यासारखं होतं. नंतर संस्थेला चेक पाठवा. त्यांना खरी गरज असते.

९११ वरून आलेल्या शहराच्या ॲम्ब्युलन्सने रुग्णालयात नेलं तर हजार डॉलरच्या वर बिल होतं. अवाजवी बिलांपासून संरक्षण देणारा २०२२ पासूनचा केंद्रीय कायदा रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला लागू नाही. आईबाबांचा प्रवासी विमा ठरावीक रकमेचा असेल तर ॲम्ब्युलन्सची कमाल रक्कम किती, ते आत्ताच पॉलिसीत बघा. आणि हात्सोलाने नेलं तरी इमर्जन्सी रूमचं बिल वेगळं येतंच. पुष्कळ जण ‘फुकट’ ऐकून इथे फसतात.

मात्र बिल वाचवायचं म्हणून ९११ टाळू नका. आग, धूर, गॅसचा वास, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, मारामारी, रस्त्यावरचा अपघात यांत अग्निशमन दल आणि पोलीसही लागतात. तिथे ९११ च. उलट डायलिसिसला नेणं-आणणं, डॉक्टरची ठरलेली भेट, यासाठी हात्सोलाला फोन करायचा नाही. एक माणूस कामावरून उठून येतो, तेवढ्यात दुसरीकडे कुणाचं हृदय बंद पडलेलं असू शकतं.

दोन्हीकडे फोन केलात तर दोन गाड्या येतात आणि एक दुसऱ्या कुणाच्या वाट्याची असते. चुकून झालंच तर दोघांनाही तसं सांगा म्हणजे एक परत फिरते.

केन्सिंग्टनकर:
मजल्याचं कधीच सुचलं नसतं, खूप आभार. आता दोन शंका. आई दिवसा एकटी असेल, तिला इंग्रजी जेमतेम. आणि औषधांची यादी लिहिली आहे: इकोस्प्रिन, ॲसिट्रॉम, टेल्मा ४०, सॉर्बिट्रेट लागेल तशी. आईचं ग्लायकोमेट आणि अस्थालिनचा पंप. ही यादी पुरेल का?

गोळीडबी:
नाही पुरणार. ही सगळी भारतातली ब्रँडनावं आहेत, इथे त्यातलं एकही कुणी ओळखणार नाही. यादी औषधाच्या मूळ नावाने आणि मिलिग्रॅमसह करा, इंग्रजीत, ठळक अक्षरात.

इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन. सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन. अस्थालिन म्हणजे साल्ब्युटामॉल, पण अमेरिकेत त्याला अल्ब्युटेरॉल म्हणतात. क्रोसिन किंवा डोलोतलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन होतं. ‘पॅरासिटामॉल दिलंय’ आणि ‘ॲसिटामिनोफेन दिलं का?’ अशा बोलण्यात डोस दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.

सगळ्यात जपायचं ते ॲसिट्रॉम. त्यात ॲसेनोकूमॅरॉल असतं आणि ते अमेरिकेत विकलंच जात नाही, त्यामुळे नाव वाचूनही समोरच्याला बोध होईलच असं नाही. त्यापुढे लिहा: ‘रक्त पातळ करणारं, वॉरफरिनच्या जातीचं’, आणि शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी चाचणी) किती व कोणत्या तारखेचा. बाबा पडले आणि डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, फोनवरचं दुसरं वाक्य ‘रक्त पातळ करणारं औषध चालू आहे’ हेच हवं. त्या एका वाक्याने कोणत्या रुग्णालयात न्यायचं आणि सीटी स्कॅन किती तातडीने करायचा हे बदलतं.

छातीत दुखल्यावर इथे साधारणपणे ८१ मिलिग्रॅमच्या चार ॲस्पिरिन चावून खायला देतात, पण बाबा आधीच ॲसिट्रॉमवर आहेत. आपल्या मनाने देऊ नका. फोनवरच्या माणसाला यादी वाचून दाखवा आणि तो सांगेल ते करा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं असलं काही दिसलं तर ॲस्पिरिन बिलकुल नाही, कारण मेंदूत रक्तस्रावही असू शकतो. तेव्हा शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची आणि ती लक्षणं दिसल्यापासून नाही, तर शेवटचं धड पाहिल्यापासून मोजतात. बाबांच्या बाबतीत ॲसिट्रॉममुळे ते इंजेक्शन देता येतं की नाही हे आयएनआर बघूनच ठरेल.

यादीवर ॲलर्जी आणि स्टेंट कधी बसवले ते वर्षही लिहा. जुन्या ईसीजीची एक प्रत त्याच पाकिटात ठेवा. आजच्या ईसीजीतला बदल नवा की जुनाच, हे त्यावरून लगेच कळतं.

पिंपळपान:
आई एकटी असताना मी ९११ म्हणेन. तिथे फोनवर दुभाषा जोडून देतात. आईने फक्त ‘मराठी’ एवढाच शब्द म्हणायचा, ‘इंडियन’ नाही. शिवाय मोबाइलवरून केलेल्या ९११ कॉलबरोबर ठिकाणाचा अंदाज जातो. हात्सोलाच्या खासगी नंबरवर ते गृहीत धरू नका. तिथे पत्ता बोलता आलाच पाहिजे.

आईबाबांच्या फोनमध्ये इथलं सिम घाला. भारतातलं सिम रोमिंगवर असेल तर हात्सोलाचा नंबर +१ लावल्याशिवाय लागेलच असं नाही, आणि परत फोन करायचा झाला तर पलीकडच्याला भारतातला नंबर फिरवावा लागेल.

सदाफुली११:
पिंपळपान यांच्याशी अर्धी सहमत. आईला एकच वाक्य पाठ करून घेता येईल: घर नंबर, ईस्ट फोर्थ, थ्री-बी, ‘नो ब्रीदिंग’ किंवा ‘चेस्ट पेन’. रोज दोनदा म्हणून घेतलं तर आठवड्यात येतं. तेवढं आलं तर हात्सोलाही चालेल. दम्याच्या झटक्यात मात्र वाक्य पुरं बोलवत नाही, म्हणून दम्यासाठी ९११ हे मलाही पटतं.

आणखी एक. हात्सोलाचे सभासद पुरुषच असतात. उपचाराच्या वेळी ते स्त्रीला हात लावतात, धर्म आड येत नाही. पण आईला संकोच वाटणार असेल तर बरो पार्कमध्ये एझ्रास नाशीम ही ऑर्थोडॉक्स स्त्रियांनी चालवलेली, स्त्रियांसाठीची सेवा आहे. २०२० मध्ये तिला स्वतःची ॲम्ब्युलन्स चालवायचा परवाना मिळाला. दोन्ही नंबर संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवरून नको.

भाऊ_ब्रुकलिन:
रुग्णालयाचं राहिलंच. तुमच्या भागातून बहुधा मायमोनिडीजला नेतील, ते बरो पार्कमध्येच आहे. बाबांचे जुने कागद दुसऱ्या रुग्णालयात असतील तर तसं सांगा. हात्सोलाची माणसं शक्य तेवढं ऐकतात. पण हार्ट ॲटॅक, पक्षाघात किंवा मोठा मार असेल तर ती सोय असलेल्या ठिकाणीच नेतील आणि त्यात हुज्जत घालू नये.

बाबा म्हणाले ‘आता बरं वाटतंय, जायचं नाही’, तर नकाराच्या फॉर्मवर सही मागतात. फॉर्मवर काय लिहिलंय ते मराठीत सांगितल्याशिवाय त्यांना सही करू देऊ नका. स्टेंटवाल्या माणसाच्या छातीतलं दुखणं थांबलं म्हणजे प्रकरण मिटलं असं नसतं.

केन्सिंग्टनकर:
फ्रिजवर लावायला हे लिहिलं आहे, बघा:
‘श्वास नाही / छातीत दुखतं / बेशुद्ध: हात्सोला. आई एकटी, दमा किंवा आग: ९११. पत्ता: ईस्ट फोर्थ स्ट्रीट, चर्च आणि बेव्हर्लीच्या मध्ये, अपार्टमेंट थ्री-बी. बाबा: स्टेंट दोन, रक्त पातळ करणारं औषध. गोळ्यांची यादी आणि ईसीजी: फ्रिजवरच्या लाल पाकिटात.’

सदाफुली११:
घर नंबर राहिला. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या आकड्यात तोच हवा. आणि पत्त्याची ओळ आईसाठी देवनागरीत, बाहेरून मदतीला आलेल्या शेजाऱ्यासाठी इंग्रजीत, अशी दोनदा लिहा.

गोळीडबी:
बाबांच्या ओळीत ‘रक्त पातळ करणारं’ याखाली लाल रेघ मारा. यादीवर तारीखही टाका. डोस बदलला की जुनी यादी फाडून टाकायची, शेजारी ठेवायची नाही.